ससा धरती का?

जनावरांच्या दवाखान्यात लसीचं जे कार्ड देतात, त्यावर मालकाचं नाव, कुत्र्याचं नाव, रंग आणि त्याखाली ‘जात’ असा एक रकाना असतो. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तो रकाना भरताना डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी टेबलावरच्या कुत्रीकडं दोनदा पाहिलं आणि मला विचारलं, “काय लिहू?”

मला काहीच सांगता आलं नाही. तिला नावसुद्धा नव्हतं अजून. तासाभरापूर्वी येडशीहून बार्शीला येताना, पांगरी मागं टाकल्यावर रस्त्याकडेच्या एका मोरीपाशी ती आम्हाला दिसली होती. बसलेली नव्हती, उभीच होती. मागचा उजवा पाय उचलून धरलेला. गळ्यात नायलॉनच्या दाव्याचा तुकडा, तो कातरून तोडलेला दिसत होता, चावून नाही. कानांच्या आत गोचिडांचे घोस. आमच्या ह्यांनी गाडी थांबवली, मी डब्यातली अर्धी भाकरी पुढं केली. तिनं भाकरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं, लांब माळावर, कुठल्या तरी हलणाऱ्या ठिपक्याकडं पाहत राहिली. पोट पाठीला लागलेलं, आणि नजर भाकरीवर नाही! मी वळून पाहिलं तर तीन-चारशे मीटरवर एक शेळी चरत होती.

ती नजर मी लहानपणी पाहिलेली होती.

काट्यावर वजन भरलं साडेतेरा किलो. दातांवरून वय अडीचच्या आसपास. रंग फिकट बदामी, तोंडाचं टोक काळसर. डॉक्टरांनी शेवटी रकान्यात ‘संमिश्र’ लिहिलं. उचलताना ती सावरीच्या कापसासारखी हलकी लागली, म्हणून मी नाव सांगितलं सावरी.

पुढचे दोन महिने प्रत्येकानं तिची जात सांगितली. शेजारच्या काकू म्हणाल्या डॉबरमन. दूधवाल्यानं ग्रेहाऊंड सांगितलं. पुण्यातल्या भाच्यानं फोटो पाहून राजापालयम सांगितलं. ते कुत्रं बहुतेक पांढरं असतं आणि नाक गुलाबी, हे त्याला मीच नंतर सांगितलं. मला मात्र एकच शब्द सुचत होता आणि तो मी कुणापुढं उच्चारत नव्हते. माझ्या आबांचा शब्द : करवान.

वैरागच्या बाजूला आमचं गाव. आबांकडं हरणी नावाची करवान कुत्री होती. मी तिला पाहिलेलं नाही, मी जन्मायच्या आधीच ती गेली. पण तिची लेक आणि लेकीचं एक पिल्लू आमच्या वाड्यात होतं, आणि ही सगळी मंडळी ओट्यावर बसून असंच क्षितिजाकडं बघायची. आपली गावठी कुत्री माणसाच्या हाताकडं बघतात. ही लांब बघतात. पुढं समजलं, की लांब थोबाडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात आतल्या पडद्यावर बघणाऱ्या पेशींची दाटी एका आडव्या पट्ट्यात असते, म्हणून जमिनीच्या रेषेवर हललेली गोष्ट त्यांना चटकन दिसते. आबांना पडदा-पेशी ठाऊक नव्हत्या. ते म्हणायचे, “त्येचं नाक डोळ्यात हाय.”

जातीबद्दल मी शिस्तीत शोध घ्यायचं ठरवलं. मी बार्शीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं टेक्निशियन आहे. अंदाजावर रिपोर्ट द्यायची सवय नाही. आधी नावांचा गुंता सोडवला. आपण लातूर, नांदेड, सोलापूरकडं जिला करवान किंवा कारवानी म्हणतो, तीच सीमेपलीकडं कर्नाटकात मुधोळ. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही कुत्री जोपासली, इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला जोडी भेट दिली असं सांगतात, आणि म्हणून त्या गावाचं नाव लागलं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र ‘कारवान हाऊंड’ म्हणतो. व्यापारी तांड्यांबरोबर, कारवांबरोबर वावरणारी कुत्री म्हणून कारवान, अशी त्या नावाची सांगितली जाणारी गोष्ट. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचं नाव घेतलं, आणि एरवी माळावर धनगराच्या मागं चालणारं कुत्रं एकदम मोटारीतून फिरायला लागलं.

आणि आपल्याकडं आणखी एक भेद आहे, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. आखूड केसांचं ते करवान. आणि कानांना, शेपटीला रेशमासारखे लांब केस असलेलं ते पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. मला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण तो कुठल्या क्लबानं केलेला नाही, ओट्यावर बसलेल्या माणसांनी डोळ्यांनी केलेला आहे.

आता सावरी. गोचीडताप निघाला, तपासणीत एर्लिकिया, गोचिडांतून येणारा जंतू. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लीन हे औषध. पहिल्या दिवशी मीच तिचं रक्त बारीक काचेच्या नळीत भरून सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्राला लावलं होतं. पीसीव्ही आला ३१. म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा शंभरात एकतीस. कुत्र्याला साधारण ३७ ते ५५ असतो, म्हणजे पांडुरोग. तीन महिन्यांनी वजन साडेएकोणीसवर गेलं, कातडीला चकाकी आली, तेव्हा मी पुन्हा नळी फिरवली. ५७.

माझे हात थांबले. माणसाचा रिपोर्ट असता तर मी डॉक्टरांना फोन करून, पेशंटला पाणी कमी पडलंय का विचारलं असतं. दुसरी नळी भरली, तिसरी भरली. ५७, ५६. त्या रात्री तिला चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसले होते मी. सकाळी डॉक्टर हसले नाहीत, उलट कार्ड मागून घेतलं आणि म्हणाले, “पळणाऱ्या कुत्र्यांचं रक्त दाट असतं. ग्रेहाऊंडांना पन्नासच्या वर आला तर आम्ही घाबरत नाही. हिला पाणी कमी नाहीये, ताई. हिचा कारखानाच तसला आहे.”

मला वाटतं, तिच्या जातीबद्दलचा पहिला खरा पुरावा मला असा माझ्याच मशीनमधून मिळाला. बाकी लक्षणं मग रांगेनं जुळायला लागली. छाती खोल, कोपरापर्यंत उतरलेली, आणि पोट तिथून एकदम वर खेचलेलं. कमरेला कमान. भिंतीवर पेन्सिलनं खूण करून मोजलं, खांद्यापाशी पंचवीस इंच. करवान माद्या साधारण पंचवीस ते सत्तावीस इंच भरतात. पंजा गावठी कुत्र्यासारखा गोल नाही, लांबट. मधली दोन बोटं पुढं आलेली, सशाच्या पंजासारखी. कातडी इतकी पातळ की बोरीच्या काट्यानं फाटते. मान डोक्यापेक्षा जाड, म्हणून साधा पट्टा तिच्या डोक्यावरून सटकन निघून येतो (हे ज्यांच्याकडं असं कुत्रं नवीन आलंय त्यांनी आधी वाचावं : दोन बोटं रुंद, ओढल्यावर आवळणारा पट्टा घ्या, नाहीतर एक दिवस हातात रिकामा पट्टा राहील).

पण न जुळणारी लक्षणंही होती, आणि ती मी लपवणार नाही. शेपटी करवानासारखी खाली लोंबून टोकाशी वळायला हवी. सावरीची खूश झाली की पाठीवर उभी वळते, गावठी कुत्र्यासारखी. एक कान पडलेला, दुसरा अर्धा उभा. आणि कानाच्या टोकांना बोटभर लांब, मऊ केसांची झालर. म्हणजे कुठंतरी पश्मी, कुठंतरी गल्लीतलं रक्त. डीएनए चाचणीची चौकशी केली. भाचा पैसे द्यायला तयार होता. पण ही चाचणी ज्या जातींचे नमुने त्यांच्याकडं असतात त्यांच्याशीच ताडून बघते, आणि मी ज्यांना विचारलं त्यांच्या यादीत कारवान नव्हताच. ज्याचा नमुना नाही त्याची तपासणी करून रिपोर्ट द्यायचा, हे माझ्या धंद्यात चालत नाही. मी नको म्हणाले.

दरम्यान माझ्या व्हॉट्सॲप स्टेटसवर सावरीचा एक फोटो गेला. बाजरीच्या राशीशेजारी उभी, मान वर. दोन दिवसांत अकरा फोन आले. ओळखीच्या लोकांचे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे. जात कुणीच विचारली नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : “ससा धरती का?”

एकानं वीस हजार सांगितले. एकानं पिल्लं काढू, निम्मी-निम्मी वाटून घेऊ म्हटलं. एक जण तर घरी आला, दारात उभा राहूनच तिच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, “हे काय गादीवर झोपवायचं जनावर हाय व्हय?” सावरी माझ्या मागं येऊन उभी राहिली. पाय थरथरत होते तिचे. त्या दिवशी मी तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं नक्की केलं. त्याआधी डॉक्टरांना मी एवढंच विचारलं, की भूल कुठली देणार. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, आणि थायोपेंटॉनसारखं जुनं औषध ग्रेहाऊंडांच्या अंगातून उतरायला फार वेळ लागतो, हे मी तोवर वाचलं होतं. डॉक्टरांनी दुसरं औषध वापरलं, टेबलावर गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. दोन तासांत ती उठली.

भुलीत असतानाच त्यांनी मागच्या उजव्या पायाचा एक्स-रे काढला. ती लंगडत नव्हती आता, पण बसताना तो पाय बाहेर टाकायची. फिल्म उजेडावर धरली तर पंजाच्या वरची दोन लांब हाडं मोडून जुळलेली, तिरकी. वर्ष-दीड वर्षापूर्वीचं. प्लास्टर कधी झालेलं नाही, आपोआप जुळलेली.

इथपर्यंत ‘ही कोण?’ हाच माझा प्रश्न होता. ती फिल्म पाहिल्यावर दुसराच प्रश्न पडला : हिला कुणी आणि का सोडलं?

त्या जानेवारीत मी एक चूक केली. आमच्या कॉलनीच्या मागं गायरान आहे, पहाटे तिथं तिला बांधून फिरवत होते. थंडी होती, दोरी हाताला नीट गुंडाळली नव्हती. दहा पावलांवर गवतातून ससा उठला. हाताला हिसका बसला एवढंच मला कळलं. सावरी गेलेली होती. मी तिला कधी पळताना पाहिलंच नव्हतं. घरात ती दिवसाचे अठरा तास झोपते. आणि आता ते अंग जमिनीवर दोनदा तरंगत होतं, एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, एकदा पुढं-मागं पूर्ण ताणलेले असताना. दोन ढांगांत ससा तिच्या तोंडापुढं होता. मग तो डावीकडं वळला. सावरीसुद्धा वळली, पण रुंद, फार रुंद, ट्रक वळवावा तसं. दहा-बारा फूट लांब गेली आणि धुळीत मागचा भाग घसरला. ससा बाभळीच्या कुंपणात. तीही कुंपणात. चाळीस मिनिटं मी शिट्ट्या मारत त्या गायरानात फिरत होते. आली ती पंज्याची गादी फाडून, छातीवर काट्याच्या रेघा, आणि डोळे असे काही उजळलेले की मला तिच्यावर रागावताही येईना.

ससा वाचला याचं मला मनापासून बरं वाटलं. हे मी बरं दिसावं म्हणून लिहीत नाहीये. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यातली शिकारीची व्याख्या मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. मारणं तर आहेच. पण पाठलाग करणं, हाकणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, तीही शिकारच. म्हणजे ससा हाती लागला की नाही हा प्रश्नच नाही. कुत्रं मुद्दाम सोडलं, तिथंच गुन्हा झाला. आणि आमच्या या कोरड्या माळावर आता उरलंय किती? नान्नजला माळढोक बघायला लोक जातात आणि न बघता परत येतात. येडशीच्या रामलिंगच्या जंगलाकडं चिंकारा आहे. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या हरणांच्या पाडसांमागं लागतात हे मी पाहिलंय. त्यात माझ्या कुत्रीची भर नको.

पण आबांचं काय करायचं, हेही माझ्या मनात होतं. तो कायदा झाला त्याच साली आपल्याकडचा तो दुष्काळ. आबा आणि आजी खडी फोडायला जायचे, घरात तांबड्या मिलोची भाकरी आणि पोरांना सुकडी. आबा सांगायचे, “त्या साली हरणीनं घर जगवलं.” आठवड्यातून एखादा ससा, त्याचा रस्सा आठ जणांत. आजी आधी एक तुकडा हरणीला काढून ठेवायची आणि मग पोरांना वाढायची. हरणी गेल्यावर आबांनी कुत्री पाळली, पण सशामागं सोडली नाहीत. कायद्याला भिऊन की हरणीच्या दुःखानं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. भुकेसाठी सोडलेली हरणी आणि मोटारसायकलवरून चार पोरं रात्री बॅटरीचा झोत टाकून सोडतात ती कुत्री, या दोन गोष्टी मला एका तागडीत घालता येत नाहीत.

वैरागकडच्या एका तात्यांचं नाव मला आमच्या चुलत्यांनी सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर मेंढरं आणि करवान. एका रविवारी सावरीला घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले. तात्यांनी आधी चहा सांगितला, तिच्याकडं बघितलंही नाही. ती त्यांचा हात हुंगून आली, मग त्यांनी तिला हात लावला. पंजे बघितले, बोटं एकेक दाबून. छातीखाली मूठ धरली. शेपटी मागच्या पायाच्या ढोपराखाली ओढून बघितली किती पोचते ते. कान उलटा करून झालरीवर फुंकर मारली. मग मागचा उजवा पंजा तळहातावर घेऊन बराच वेळ तसेच बसले.

“आई करवान,” ते म्हणाले, “बाप असाच कुनीतरी. आजा-पणजा पश्मी. रगत चांगलं हाय.”

“तात्या, लोक विचारतात, ससा धरती का?”

“तू सांग. तू बघितलंस नव्हं पळताना.”

मी गायरानातली सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मध्येच थांबवलं. “ससा कुठल्या अंगाला वळला?”

“डावीकडं.”

“मग बरोबर.” त्यांनी ओट्यावर बोटानं एक गोल काढला. डावीकडं वळताना सगळा भार उजव्या, बाहेरच्या पायावर येतो. तो पाय मोडून वाकडा जुळलेला. पाय दगा देणार हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती रुंद वळते. “सशाला दोन येळा कळलं की ही डावीकडं चुकती, की तो डावीकडंच वळणार. ही सरळ पळंल कुनाच्याबी पुढं. पर धरनार न्हाई.”

मग थोडं थांबून म्हणाले, “म्हनून सोडली आसंल. न धरनारं कुत्रं खायाला मागतंच की.”

हे ऐकून मी काही बोलू शकले नाही. एक्स-रेची फिल्म मी बरोबर नेली होती, ती त्यांना दाखवायची राहूनच गेली. त्यांना तिची गरज नव्हती. धावण्याच्या शर्यतीतल्या ग्रेहाऊंडांनाही हेच होतं, हे मी घरी येऊन वाचलं. रिंगण डावीकडं वळणारं, आणि मोडतो बहुतेक मागचा उजवा पाय.

जातीवरून कुत्र्याचा स्वभाव सांगता येतो का, यावर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांबद्दल मालकांना विचारलेले प्रश्न आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं. निघालं असं, की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातला जो फरक, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. मला हे पटतं आणि सावरीपुरतं पुरेसंही वाटत नाही. तिची छाती, रक्त, पंजे, डोळे हे तिच्या आईनं दिलेलं आहे आणि ते पळण्यासाठीच आहे. तिचं घाबरणं, पुरुषाच्या हातात काठी दिसली की जमिनीला चिकटणं, पावसाच्या आवाजात माझ्या पायाशी येऊन बसणं, हे कुठल्याच जातीचं नाही, ते तिच्यावर गुदरलेलं आहे.

मग प्रश्न उरला तिच्या पळण्याचा. गायरानात मोकळं सोडणं नाही, आणि रोज दोरीला बांधून दोन किलोमीटर चालवणं म्हणजे त्या अंगाची थट्टा. माझ्या चुलतभावाचं पावणेदोन एकराचं एक शेत बार्शीपासून सहा किलोमीटरवर आहे. रानडुकरांमुळं त्यानं चारी बाजूंनी पाच फुटी जाळी मारलीय. तूर निघाली की ते रान मोकळं. तिथं आमच्या ह्यांनी जुनी सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढून रिमच्या खाचेत नायलॉनची दोरी बसवली. दोरीच्या टोकाला पांढऱ्या पोत्याची चिंधी. पलीकडं मध्ये एक खुंटी, तिला कप्पी, म्हणजे दोरी वळण घेऊन येते. आमचे हे पायडल हातानं गरगर फिरवतात, चिंधी उड्या मारत पळते.

पहिल्या दिवशी सावरीनं चिंधीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा चिंधी हलली आणि ती सुटली. मोबाईलवर घड्याळ लावलं होतं : सरळ दीडशे मीटर, तेरा सेकंद. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या वर, मोडलेल्या पायानं. चिंधी तोंडात धरून तिनं ती अशी झटकली की दोरी तुटली. मग चिंधी मला आणून दिली नाही. बांधावर बसून दोन पंजांत धरून ठेवली. तीन फेऱ्या, त्यापेक्षा जास्त नाही. सकाळी सातच्या आत, कारण ही कुत्री तापतात लवकर आणि थांबायचं त्यांना कळत नाही. आधी दहा मिनिटं चालवायचं, नंतर पुन्हा दहा. पाणी घोट-घोट. घरी येऊन पंजे कोमट पाण्यात.

मागच्या महिन्यात तात्या स्वतः आले. नातवाच्या मोटारसायकलवर, काठी आडवी धरून. बांधावर बसले. पहिल्या फेरीला काही बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीला खुंटीपाशी वळण आलं, सावरी तशीच रुंद गेली, चिंधी पुढं निघून गेली आणि ती मध्येच थांबून बघत राहिली.

तात्या उठून खुंटीपाशी गेले, काठीनं जमीन टोकरली. “हितं वळन डावं हाय,” ते म्हणाले. “दोरी उलटी फिरव की. उजवं वळन दे तिला.”

आमच्या ह्यांनी सायकल शेताच्या दुसऱ्या टोकाला नेली. खुंटी उपटून पुन्हा ठोकायला अर्धा तास गेला, जमीन वाळून दगड झाली होती. तोवर ऊन चढलं, म्हणून त्या दिवशी तिला परत सोडलं नाही. पुढच्या रविवारी पावणेसातला तात्या आमच्या आधीच बांधावर येऊन बसलेले होते. चिंधी निघाली, खुंटीला उजवीकडं वळली, आणि सावरी तिच्या आतल्या अंगानं वळून, वळणावरच, दात लावून खाली बसली.

“धरती,” तात्या म्हणाले.

परवा लसीचं कार्ड भरलं म्हणून दवाखान्यातून नवीन मिळालं. जातीच्या रकान्यात मी डॉक्टरांना तात्यांचे शब्द लिहायला सांगितले. जागा पुरली नाही, त्यांनी ओळीबाहेर जाऊन समासात लिहिले.